माळ्याची झडप व घरातील वारा : कुपवाड परिसरातील घरांच्या संदर्भात

फाल्गुन सरत आला म्हणजे कुपवाड परिसरात दुपारनंतर वारा सुटू लागतो आणि मोकळ्या रानांतील माती व रस्त्यावरील बारीक धूळ घेऊन तो घरांवर येतो. गृहिणी खिडक्या लावून घेते, दाराच्या फटीशी गोणपाट सारते, आणि तरीही सायंकाळी अंथरुणावर धुळीचा थर सापडतोच. नीट पाहिल्यास हा थर खोलीभर सारखा नसतो. माळ्यावर जाण्यासाठी छतात ठेवलेल्या चौकोनी झडपेच्या बरोबर खाली तो अधिक दाट असतो. घरातील मंडळी दोष खिडक्यांना देतात. धुळीची खरी वाट डोक्यावर असते.

कुपवाड हे सांगली व मिरज या दोन शहरांच्या सान्निध्यातील गाव. १९९८ साली या तिहींची मिळून एक महानगरपालिका झाली. गावठाणातील जुनी घरे, औद्योगिक वसाहतीच्या आसपास उभी राहिलेली कामगारांची पत्र्याची घरे आणि अलीकडची सिमेंट काँक्रीटची घरे अशी सर्व प्रकारची वस्ती येथे जवळजवळ नांदते. काँक्रीटच्या सपाट छताच्या घरांत आपण ज्यास माळा म्हणतो ती बहुधा भिंतीतून काढलेली फळी असते. तिचा प्रस्तुत विषयाशी संबंध नाही. येथे विचार करावयाचा आहे तो कौलांच्या वा पत्र्याच्या उतरत्या छपराखाली तक्तपोशी ठोकून, किंवा आजकालच्या रीतीप्रमाणे प्लायवूडचे अथवा जिप्समचे आडवे छत करून, त्यावर जी पोकळी राहते तिचा. म्हणजे खऱ्या पोटमाळ्याचा. त्यावर कणगी, पितळेची मोठी भांडी, गणपतीचे मखर, गौरीचे मुखवटे, जुनी पुस्तके अशा, टाकवत नाहीत आणि रोज लागतही नाहीत, त्या वस्तू असतात. तेथे चढण्यासाठी सुमारे दोन फूट लांबी-रुंदीचे एक भगदाड ठेवून त्यावर लाकडी झडप बसवितात. सुताराने ती बसवून दिल्यावर तिच्या फटींकडे पुढे कोणीही पाहत नाही.

आपल्या भाषेचीही यात थोडी गंमत आहे. वारा आपण खातो. झुळूक आली म्हणजे सुखावतो. घरात शिरणाऱ्या नकोशा वाऱ्यासाठी मात्र आपल्याकडे स्वतंत्र असा शब्द रुळलेला नाही. बाळंतिणीला ‘वारा लागू नये’ एवढ्यापुरतीच त्याची दखल घेतली जाते. थंड देशांत घरातील फटी बुजविणे हा प्रत्येक गृहस्थाच्या हेमंतपूर्व कामांचा भाग असतो. आपल्याकडे ते काम कोणाच्याच यादीत नसते. याचे कारण आपली हवा सौम्य आहे हे खरेच. पण ती वर्षभर सौम्य असते असे नव्हे.

झडपेच्या फटीतून हवा का वाहते, हे समजल्यावाचून तिचा बंदोबस्त नीट करता येत नाही. म्हणून प्रथम थोडे गणित करू. झडप ६० सेंटिमीटर चौरस आहे आणि तिच्या चारही बाजूंस ३ मिलिमीटर फट आहे असे समजा. जुन्या झडपेत एवढी फट ही काही मोठी गोष्ट नव्हे. चारही बाजू मिळून लांबी २४० सेंटिमीटर होते व फटीचे एकूण क्षेत्रफळ ७२ चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजेच छताला साडेनऊ सेंटिमीटर व्यासाचे, लहान तांब्याच्या तोंडाएवढे, एक भोक पाडून ते बारा महिने उघडे ठेवल्यासारखे आहे. असे भोक डोळ्यांना दिसते तर घरधन्याने ते त्याच दिवशी बुजविले असते. फट लांब व बारीक असल्यामुळे ती दिसत असूनही जाणवत नाही.

आता या भोकातून हवा ढकलणारी शक्ती कोणती ते पाहू. पहिली शक्ती तपमानातील फरकाची. पौषातील रात्री आकाश निरभ्र असते. पत्रा व कौले आपली उष्णता आकाशाकडे टाकून झपाट्याने थंड होतात, आणि पोटमाळ्यातील हवा खोलीतील हवेपेक्षा सात-आठ अंशांनी गार होऊ शकते. खोलीतील ऊबदार हवा हलकी असल्याने वर चढते, झडपेच्या फटीतून निसटते, आणि तिची जागा भरून काढण्यासाठी बाहेरची गार हवा दाराच्या उंबऱ्यावरून आत ओढली जाते. पायांना गार लागते. कारण मात्र डोक्यावर असते. दाराच्या फटीपासून झडपेपर्यंत तीन मीटर उंची धरली तर तपमानातील या फरकामुळे सुमारे १ पास्कल इतका दाब निर्माण होतो. १ पास्कल म्हणजे किती? वहीचा एक सुटा कागद मेजावर पसरून ठेवला असता त्याचा मेजावर जो दाब पडतो, जवळजवळ तेवढा. इतक्या क्षुल्लक दाबानेही आपल्या ७२ चौरस सेंटिमीटरच्या फटीतून तासाला सुमारे २० घनमीटर हवा निघून जाऊ शकते, अर्थात तिच्याऐवजी आत येणाऱ्या हवेला खालून पुरेशी वाट असेल तर. दहा फूट रुंद, बारा फूट लांब व दहा फूट उंच खोलीत एकूण ३४ घनमीटर हवा मावते. दीड-पावणेदोन तासांत खोलीभर हवा या एका फटीतून वर गेली, असा याचा अर्थ.

उन्हाळ्याच्या दुपारी नेमके उलट होते असे पुष्कळांस वाटते. म्हणजे माळ्यातील तापलेली हवा झडपेतून खाली उतरते आणि खोली तापते. ही समजूत तितकीशी खरी नाही. तापलेली हवा हलकी असते व ती वर असली म्हणजे वरच राहू पाहते. आपणहून ती खाली येत नाही. तिला खाली आणणारे दुसरेच कोणीतरी असावे लागते, आणि कुपवाडात ते काम वारा करतो.

ही दुसरी शक्ती पहिलीपेक्षा कितीतरी प्रबळ आहे. ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाचा वारा भिंतीवर आदळला तर त्याचा दाब १५ पास्कल होतो. एका कागदाऐवजी जवळजवळ वीस कागदांची चळत! वाऱ्याच्या बाजूची वळचण उघडी असेल, किंवा कौले एकमेकांवर नुसती रचलेली असतील, तर या दाबाचा निदान काही अंश पोटमाळ्यात उतरतो. निम्मा जरी उतरला तरी आपल्या फटीतून तासाला पन्नासहून अधिक घनमीटर तप्त, धूळमिश्रित हवा खोलीत येईल व दुसऱ्या बाजूच्या खिडकीवाटे निघून जाईल. वारा छपराच्या कोणत्या अंगास येतो यावर ती खाली येणार की वर ओढली जाणार हे ठरते. कारण वाऱ्याच्या पाठीकडील पाख्यावर दाबाऐवजी ओढ निर्माण होते. म्हणूनच एकाच आळीतील दोन घरांपैकी एकात धूळ पडते व समोरच्यात पडत नाही, असा अनुभव येतो. त्यात घर स्वच्छ ठेवण्या-न ठेवण्याचा संबंध असेलच असे नाही.

याशिवाय एक तिसरी शक्ती आपण स्वतःच विकत आणलेली असते. स्वयंपाकघरात धूर बाहेर टाकणारा पंखा बसविलेला असतो. खिडक्या-दारे लावून तो चालविला की घरातील हवेचा दाब कमी होतो आणि पंख्याने बाहेर फेकलेल्या हवेची भरपाई जेथून वाट मिळेल तेथून होते. झडपेची फट ही तशी एक तयार वाट. छताला टांगलेल्या पंख्याचेही तसेच. त्याच्या पात्यांच्या वरच्या अंगास दाब किंचित कमी होतो. पंखा झडपेच्या अगदी लगत असेल तर कडांवर साठलेली धूळ तो हळूहळू सोडवून खाली आणतो. जाता जाता एवढे सांगणे अवश्य आहे की, ज्या खोलीत झडपेजवळ पंखा आहे तेथे माळ्यावर चढण्यापूर्वी पंख्याचे बटण बंद करून शिडीपाशी कोणास तरी उभे करावे.

छताच्या अशा लपलेल्या वाटांचे महत्त्व शास्त्रज्ञांच्याही फार उशिरा ध्यानात आले. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ट्विन रिव्हर्स या वसाहतीतील घरांचा अभ्यास प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी केला. रॉबर्ट सोकोलो यांच्या नेतृत्वाखालील या गटात गौतम दत्त हेही होते. तेथील पोटमाळ्यांवर उष्णतारोधक थर अंथरलेला असूनही हिवाळ्यात ते माळे हिशेबाने असावयास पाहिजेत त्याहून बरेच अधिक ऊबदार आढळले. शोध घेता असे दिसून आले की, भिंतींच्या आतील पोकळ्या, नळांभोवतालची भोके व तत्सम वाटा यांतून घरातील ऊब थेट माळ्यात चालली होती. थर जाड करून उपयोग नव्हता; वाटा बुजविणे अवश्य होते. तेथील प्रश्न उष्णता राखण्याचा, आपला धूळ व तप्त वारा अडविण्याचा. परंतु हवा ही कपाटातील वस्तू नव्हे, तिला वाट दिसली की ती जाते, हा धडा दोन्हीकडे सारखाच.

आपल्या झडपेची परीक्षा घेण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. वाऱ्याच्या वेळी पंखे बंद करावेत, एक उदबत्ती पेटवून शिडीवरून झडपेच्या कडेने सावकाश फिरवावी आणि धुराची रेघ कोठे मोडते ते पाहावे. धूर वर ओढला जातो की खाली लोटला जातो, हे दिवसाच्या निरनिराळ्या वेळी पाहिल्यास वर सांगितलेले सर्व गणित डोळ्यांपुढे उभे राहते. दुसरी रीत अधिक सोपी आहे. रात्री माळ्यावर विजेरी लावून ठेवावी, झडप बंद करावी व खोलीतील दिवा मालवावा. जेथे जेथे उजेडाची रेघ दिसेल तेथे तेथे खडूची खूण करावी. मात्र यात एक गोष्ट पुष्कळांकडून निसटते. झडप व तिची चौकट यांमधील फट लोकांना दिसते. चौकट व तक्तपोशी यांमधील फट दिसत नाही, कारण ती पट्टीखाली झाकलेली असते. तिच्यातून जाणारी हवा काही कमी नसते. म्हणून पट्टीच्या कडेनेही उदबत्ती फिरवावी.

दुरुस्तीस हात घालावयाचा तो या दुसऱ्या फटीपासून. पट्टी अलगद उखडून चौकटीमागील अंतर मोठे असेल तर त्यात सुतळी अथवा काथ्या ठासून भरावा, वरून लांबी भरून सारखी करावी आणि पट्टी पुन्हा ठोकावी. लांबी वाळेपर्यंत झडप जोराने आदळू देऊ नये. हे काम एकदा नीट झाले की पुढे वर्षानुवर्षे पाहावे लागत नाही, कारण हा सांधा हलत नाही.

झडपेचा सांधा मात्र हलता असतो आणि सर्व अडचण तेथेच आहे. ज्या झडपा वरच्या अंगास उचलून बाजूला ठेवावयाच्या असतात त्या आपल्या वजनाने चौकटीवर बसतात. त्यांना हवाबंद करणे सोपे. बिजागऱ्यांवर खाली उघडणाऱ्या झडपांचे वजन नेमके उलट, त्यांना उघडण्याच्या दिशेने ओढीत असते. एका बाजूस बिजागरी व दुसऱ्या बाजूस मधोमध एकच कडी, अशी रचना असली म्हणजे कोपरे सैल राहतात. अशा झडपेस कडीच्या बाजूच्या दोन्ही टोकांस दोन कड्या बसवाव्यात. एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो आणि खर्च जवळजवळ नाही.

चौकटीच्या आतील कडेस झडप जेथे टेकते तेथे एक इंच रुंदीची रीप चारही बाजूंनी सलग असली पाहिजे. बहुतेक ठिकाणी ती दोनच बाजूंना असते. ती पूर्ण करावी व तीवर दाबली जाणारी मऊ पट्टी लावावी. बाजारात चिकट पाठीची फोमची पट्टी मिळते; ती लावण्यास सोपी, म्हणून लोक तीच घेतात. परंतु तापलेल्या छपराखाली ती एक-दोन उन्हाळ्यांत कडक होऊन तिचा भुगा पडू लागतो. त्यापेक्षा मोटारीच्या दरवाजास असते तशी पोकळ रबरी पट्टी अधिक टिकाऊ. मोटारीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत ती वारावर मिळते. प्रस्तुत लेखकाचा कल मात्र घोंगडीच्या पट्टीकडे आहे. धनगरांच्या हातमागावरची जुनी घोंगडी या भागात घरोघर सापडते. तिची दोन बोटे रुंदीची पट्टी दुमडून, दुमड आतल्या बाजूस येईल अशी, लहान चुकांनी रिपेवर ठोकावी. लोकर दाबली जाते व दाब काढताच पुन्हा फुगते. उन्हाने ती कडक होत नाही. तिचा वैरी एकच, कसर. त्यासाठी वर्षातून एकदा पट्टी झटकून माळ्यावर कडुनिंबाचा पाला टाकण्याची रीत आहे. ती मोडू नये.

पट्टी कोणतीही असो, कोपऱ्यांत ती तिरपी कापून जोडावी, टोकास टोक लागलेच पाहिजे. चार कोपऱ्यांत बोटभर जागा मोकळी राहिली तरी सारे काम निम्मे वाया गेले असे मात्र समजू नये. फट अर्धी केली म्हणजे गळती अर्धी होते, आणि अगदी बारीक फटीत हवेचा स्वतःचा चिकटपणाच आडवा येऊन गळती त्याहूनही झपाट्याने घटते. तेव्हा ३ मिलिमीटरची फट अर्ध्या मिलिमीटरवर आणणे हे मोठे काम झाले. त्यापुढील अट्टाहास आपल्या हवेत अनावश्यक आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. झडप हवाबंद केली म्हणजे खोली गार होईल, अशा अपेक्षेने हे काम केल्यास निराशा पदरी येते. पट्टी हवा अडविते, उष्णता नव्हे. वैशाखातील दुपारी पत्रा साठ अंशांपर्यंत तापतो व खालच्या तक्तपोशीकडे आणि झडपेकडे उष्णतेचे किरण फेकीत राहतो. पातळ फळीची झडप ते शोषून खालच्या अंगासही तापते. झडपेच्या पाठीवर जुन्या वाकळीची चौपदरी घडी बांधून ठेवली तरी हा ताप बराच उतरतो. थर्मोकोलचा तुकडाही चालेल, पण विजेच्या तारा जवळून जात असतील तर तो वापरू नये. तो सहज पेट घेतो. चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा अथवा कागद लावावयाचा असेल तर तो झडपेवर वरतोंडी न लावता छपराच्या वाशांखाली खालतोंडी ताणावा. वरतोंडी पृष्ठावर एका मोसमात धूळ बसते व त्याचा चकचकीतपणा, म्हणजेच त्याचा सारा उपयोग, संपतो.

आणि पोटमाळा स्वतः बाहेरून बंद करू नये. झडपेच्या दुरुस्तीचा उत्साह आला की काही जण वळचणीच्या फटी व आढ्याखालच्या त्रिकोणी भिंतींतील झरोकेही बुजवून टाकतात. तेणेकरून दुपारची उष्णता माळ्यात कोंडते, पावसाळ्यात ओल वाळत नाही आणि वाशांना बुरशी धरते. माळा बाहेरच्या हवेस खुला व घराच्या हवेस बंद, हीच योग्य रचना. झरोक्यांना चिमण्या-उंदरांसाठी बारीक जाळी तेवढी लावावी.

हवाबंद करणे म्हणजे काय याचे उत्तम ज्ञान या परिसरास पूर्वापार आहे. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर येथे हळदीची पेवे होती. जमिनीत खोल खणलेल्या या कोठारांचे तोंड झाकून ते मातीने बंद करीत व आत हळद वर्षानुवर्षे सुरक्षित राही. २००५ च्या महापुरात त्यांतील पुष्कळ पेवे नष्ट झाली. सांगलीच्या हळदीस २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा या साठवणुकीची आठवण अनेकांना झाली. बंद पेवातील प्राणवायू साठविलेल्या मालाच्या व कीटकांच्या श्वसनानेच संपत जातो. कीड जगत नाही, ती यामुळे. पण याच कारणासाठी पेव उघडल्यावर कोणीही जाणता हमाल लगेच आत उतरत नसे. तोंड मोकळे ठेवून आतील हवा पालटू द्यावी, मगच उतरावे, असा दंडक होता. जे हळदीला तारक ते माणसाला मारक, हे त्या श्रमिकांना कोणत्याही प्रयोगशाळेवाचून ठाऊक होते.

घराच्या बाबतीत हा दंडक विसरला जाण्याचा संभव फार आहे. जुन्या माळवदी घरांत चुलीच्या वर साणे असे. त्यातून उजेड येई व धूर जाई. काही कौलारू घरांत हे काम माळ्याची झडपच करते, घरच्या मंडळींना त्याची जाणीव असो वा नसो. ज्या घरात अद्याप चूल पेटते तेथे साणे वा झडप कायमची बुजविणे म्हणजे धूर माणसांच्या फुप्फुसांत कोंडणे होय. त्याहूनही अधिक धोका बाळंतिणीच्या खोलीत असतो. वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या लावतात, आणि आत शेक-शेगडीसाठी निखारे ठेवतात. निखाऱ्यातून धूर दिसत नाही, म्हणून ते निर्धोक वाटतात. वस्तुतः अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनाशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्टपणे जोडला जातो. डोके जड होणे, मळमळणे, झापड येणे ही त्याची चिन्हे बाळंतिणीच्या बाबतीत अशक्तपणावर सहज ढकलली जातात, आणि तान्ह्या मुलास तर काही सांगताच येत नाही. आजवर अशा खोल्यांना छतातील सैल झडपेने नकळत हवा पुरविली असेल. ती झडप आपण घट्ट केली तर त्या खोलीत शेगडी ठेवण्याचा रिवाज त्याच दिवशी बंद झाला पाहिजे, किंवा शेगडी असेतो खिडकी उघडी राहिली पाहिजे. यात तडजोड नाही. वडीलधाऱ्या बायकांना हे पटवून देणे कठीण जाते खरे. पेवाचा दाखला दिल्यास मात्र पटते असा अनुभव आहे. न्हाणीघरात गॅसवर पाणी तापविणारे यंत्र असल्यास तेथेही हाच नियम लागू आहे. शेगडीचा वायू ऊबदार हवेबरोबर वर चढतो, पण सिलिंडरमधून गळणारा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठतो. त्याला छतातील झडपेचा काही उपयोग नाही, त्यासाठी खालच्या बाजूसच वाट हवी.

‘झडप’ हा शब्द आपण हृदयाच्या झडपेसही लावतो. तो अर्थ येथे अधिक जुळतो. झडप हे नुसते झाकण नव्हे. हवी तेव्हा वाट देणे व नको तेव्हा अडविणे हे तिचे काम. चैत्र-वैशाखात या भागातील दुपार अडतीस-एकोणचाळीस अंशांपर्यंत जाते, परंतु पहाटेपर्यंत हवा बावीस-चोवीस अंशांवर उतरते. एवढा फरक ज्या गावी आहे तेथे रात्रीच्या गारव्याचा लाभ न घेणे हा आळस होय. सकाळी आठ-नऊच्या सुमारास झडप घट्ट लावावी व दिवसभर उघडू नये. सूर्यास्तानंतर लगेचही उघडू नये. पत्रा तेव्हा तापलेलाच असतो. जेवणे उरकल्यावर, वारा पडलेला असेल तर, झडप किंचित उघडून उदबत्ती धरावी. धूर वर जाऊ लागला म्हणजे माळा खोलीपेक्षा गार झाला. आता झडप पूर्ण उघडून एखादी खिडकी मोकळी ठेवावी. खोलीतील ऊन हवा वर निघून जाते व बाहेरची गार हवा खिडकीतून येते. धूर खाली येत असेल तर अजून अवकाश आहे. डास येऊ नयेत म्हणून झडपेच्या चौकटीत बसेल अशी जाळीची हलकी चौकट करून ठेवणे बरे. माळ्यातील पालीही तिने अडतात.

मृगाचा पाऊस पडल्यावर लाकूड ओलावा धरून फुगते. वीतभर रुंदीच्या सागवानी फळीत उन्हाळा व पावसाळा मिळून दीड-दोन मिलिमीटरचा फरक पडू शकतो. फटी चैत्रात सर्वांत मोठ्या व भाद्रपदात सर्वांत लहान असतात, ती याचीच परिणती. नेमके गौरी-गणपतीच्या वेळी मुखवटे काढण्यासाठी माळ्यावर जावे लागते आणि तेव्हाच झडप अडकून बसते. सुतारास बोलावून तिच्या कडेवर रंधा मारून घेण्याचा मोह त्या वेळी होतो. तो आवरावा, कारण त्या दिवशी काढलेली प्रत्येक कपची पुढच्या चैत्रात फट होऊन दिसेल. कडांवर मेणबत्ती वा कोरडा साबण घासावा, झडप दोन्ही टोकांस सारखा जोर देऊन उचलावी, आणि रंध्याचे काम खरोखरच लागणार असेल तर फाल्गुनात, लाकूड वाळल्यावर, फट मोजून मगच करावे.